सासरा, सून आणि हातभर दोरी

मित्रांनो, मी हातभर लांबीची एक जुनी दोरी आहे आणि बेंगळूरच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये पळून आले आहे. हसू नका. दोरीला पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढं एकेक कडं आहे. एका कड्यात सासऱ्याचा हात होता, दुसऱ्यात सुनेचा. ते दोघे पळाले, म्हणून मीही पळाले.

मला मष्णू नावाच्या एका दोर वळणाऱ्याने अंबाडीच्या वाखापासून वळलं. तेव्हा मी चांगली लांब होते आणि अंगाने खरखरीत होते. नंदगडच्या बाजारात जयाबाईंनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि विचारलं, "तुटणार न्हाय न्हवं रं?"

"कालवड तुटंल आक्का, दोरी तुटणार न्हाय," मष्णू म्हणाला.

असं माझं आयुष्य सुरू झालं. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, गोठ्यात, एका तांबड्या कालवडीच्या गळ्यात मी पडले. काम साधं होतं. कालवड ओढायची, मी धरून ठेवायचे.

गोठ्यासमोरच घराचा सोपा, म्हणजे पडवी, होती. तिथे जयाबाईंचे मालक, मारुतीराव, दिवसभर बसून असायचे. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेत त्यांनी पळण्यात बक्षिसं मिळवली होती. गावी आल्यावरही ते रोज पहाटे नंदगडच्या रस्त्याला पळायला जात. मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. बेळगावच्या डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण उजेड हळूहळू गेला तो गेलाच. कुणी हात धरून नेलेलं मारुतीरावांना सोसत नव्हतं. म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "तुम्ही व्हा म्होरं." आणि बसून राहायचे.

एके सकाळी जयाबाई शेतावर गेल्या होत्या. कालवड तहानेने हंबरत होती. मारुतीराव चाचपडत गोठ्यात आले, मला खुंट्यावरून सोडलं आणि माझं टोक हाताला गुंडाळून तिला पाण्यावर नेऊ लागले. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटारसायकल कर्कश हॉर्न वाजवत गेली. कालवड उधळली. मित्रांनो, मारुतीराव मला सोडू शकले असते. पण त्यांनी सोडलं नाही. अंगण ओलांडून, कापणी झालेल्या भाताच्या शेतातून ते तिच्यामागे धावत सुटले. बांधाला पाय अडखळला आणि ते आडवे झाले. आणि पडल्या पडल्या मोठ्याने हसू लागले.

त्यांची सून माधवी डबा घेऊन बेळगावच्या बसला निघाली होती. ती तिथल्या एका कॉलेजात ऑफिसात काम करायची. ती धावत आली.

"मामा, लागलं काय?"

"लागू दे गं. पळालो काय न्हाय मी? ते सांग आदी!"

"पळालासा, मामा. कालवडीपेक्षा बरं पळालासा."

त्या दिवशी माधवीची बस चुकली. संध्याकाळी परत आल्यावर तिने माळ्यावरच्या पोत्यातून आपले जुने पळायचे बूट काढले. कॉलेजात असताना ती जिल्हा पातळीच्या शर्यतींपर्यंत पळाली होती. लग्नानंतर ते राहून गेलं होतं. ज्यांना दिसत नाही ते सोबत्याच्या हाताला दोरी बांधून पळतात, हे तिने फोनवर पाहिलं होतं. सासऱ्याचा हात हातात धरून पळायचं म्हणजे तिलाही संकोच आणि त्यांनाही. मधे दोरी असली तर तो प्रश्नच नव्हता. तिने विळ्याने मला कापलं, दोन टोकांना कडी केली. कालवडीला माझा उरलेला भाग मिळाला. माझा खरखरीतपणा मनगटांना टोचू नये म्हणून जयाबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी कड्यांवर शिवली. इतकं मऊ मला आधी कुणी केलं नव्हतं.

पहिल्या सकाळी आम्ही नंदगडच्या रस्त्याला लागलो. दूध डेअरीच्या पायरीवर शामू बसला होता. तो शेजारचाच, पण जिभेने तिखट. तो ओरडला, "आरं बघा, हवालदाराला सुनेनं दावं लावलं! चरायला न्हेतीया काय गं?"

डेअरीवरचे लोक हसले. माझं एक कडं एकदम सैल पडलं. मारुतीरावांनी हात काढून घेतला होता. ते परत फिरले, आणि पुढे कितीतरी दिवस मी सोप्यातच पडून राहिले.

जयाबाईंनी हे पाहिलं. एक दिवस त्या दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर शामूला म्हणाल्या, "माझा मालक दोन वर्सं सोप्यात बसून हाय. तुला इतकी काळजी हाय तर तू ये की. तुझ्या हाताला बांधते दोरी. येतोस?"

शामू खाली बघू लागला. जयाबाई घरी आल्या आणि मला उचलून नवऱ्याच्या मांडीवर टाकलं. "लोकांनी हसून तुमचं पाय गेलं काय? डोळं गेल्यात, पाय हाईत. उठा."

मारुतीराव उठले.

पण मित्रांनो, खरी अडचण पुढेच होती. माधवीचा आवाज. ती घरात सासऱ्यासमोर मोठ्याने कधी बोललीच नव्हती. समोर खड्डा आला की ती म्हणायची, "मामा, जरा डावीकडं घेतासा काय?" वाक्य संपेपर्यंत मामांचा पाय खड्ड्यात गेलेला असायचा. एकदा ते असेच पालथे पडले आणि उठून धूळ झाडत म्हणाले, "फौजेत आमच्या साहेबानं 'जरा डावीकडं घेता काय' म्हणून विचारलं असतं, तर आख्खी पलटण नाल्यात गेली असती. हुकूम दे गं. डावं, उजवं, चढ, उतार, थांब. एवढंच."

"तुमाला 'थांब' कसं म्हणू, मामा?"

"मग 'थांबा' म्हण. पण मोठ्यानं म्हण."

ती प्रयत्न करायची. आवाज थोडा वाढला, फार नाही. तरी आम्ही पळत राहिलो. आधी फरशीच्या पुलापर्यंत, मग नंदगडपर्यंत. सुट्टीच्या दिवशी बेळगावला जाऊन मोठ्या रस्त्यांवर, रिक्षा आणि बसच्या आवाजात पळायची सवय केली. पळताना ती दिसेल ते सांगायची. काजूला मोहोर आलाय. शाळेची पोरं सायकलवरून चाललीत. मारुतीराव ऐकत राहायचे आणि मधेच विचारायचे, "आनि आभाळ कसं हाय?" माझ्यातून मला दोघांच्या नाडीचे ठोके कळायचे. सुरुवातीला ते वेगवेगळे असत. पुढे पुढे एकाच तालात येऊ लागले.

माधवीने बेंगळूरच्या अर्ध्या मॅरेथॉनला दोघांची नावं दिली. एकवीस किलोमीटर. तिचा नवरा आनंद गोव्याला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "आप्पांना काय झालं तर?" माधवी म्हणाली, "घरात बसून काय व्हतंय ते बघितलंय की आपण." रेल्वेची तिकिटं त्यानेच काढून पाठवली.

बेंगळूरला पोचलो. शर्यत पहाटे अंधारात सुटणार होती. हजारो माणसं दाटीने उभी होती. कुणाचा पाय कुणाच्या बुटावर पडत होता, कुणी अडखळून "सॉरी, सॉरी" म्हणत होतं. मारुतीराव हळूच म्हणाले, "आज सगळी माझ्यासारखीच हाईत की गं." माधवी खुदकन हसली, आणि तेवढ्यात लोंढा हलला.

किती मोठं शहर ते! रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या वाजवत होती. मारुतीरावांच्या छातीवरची 'अंध धावपटू' अशी पट्टी वाचून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, "ओडी अज्जा, ओडी!" पळा आजोबा, पळा. मारुतीरावांना कन्नड चांगलं येत होतं. त्यांनी पळता पळताच हात वर करून सलाम केला. उजाडलं तसं माधवी सांगू लागली. केवढी झाडं आहेत, मामा. हा फुलांचा सडा. हा उंच पूल, आता चढ.

अर्ध्याहून जास्त अंतर झालं आणि मारुतीरावांच्या अंगात जुना हवालदार जागा झाला. शेजारून कुणी पुढे गेलं की ते वेग वाढवायचे. मी ताणली जायचे. माधवी म्हणाली, "मामा, हळू." त्यांनी ऐकलं नाही. समोर पाणी वाटायची जागा होती. रस्ता ओला होता, चुरगळलेल्या कागदी पेल्यांनी भरला होता. ढोल जोरात वाजत होता. "मामा, थांबा," ती म्हणाली, पण तिचा आवाज ढोलात बुडाला. मारुतीरावांनी मला जोराने हिसका दिला, पाय घसरला आणि ते गुडघ्यावर आपटले. घामाने निसरड्या झालेल्या मनगटातून माझं कडं निघून गेलं.

मित्रांनो, मी गोठ्यात कालवडीचे हिसके सोसले होते, पण एवढी कधी घाबरले नव्हते. मी माधवीच्या हातात लोंबकळत होते आणि माझं दुसरं कडं रिकामं होतं. मागच्या माणसांच्या रेट्याने ती पुढे ढकलली गेली. मारुतीराव धडपडत उठले होते. पण पुढे कुठे आणि मागे कुठे, हे त्यांना कळेना. हात पुढे करून ते हवेत चाचपडत होते. त्यांनी एक पाऊल टाकलं, ते नेमकं पळणाऱ्यांच्या आडवं. एकाचा धक्का बसला, दुसऱ्याचा बसता बसता राहिला.

"मामा!" माधवी ओरडली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग तिने छातीत श्वास भरून घेतला आणि अशी गरजली की ढोलवाल्याचा हात थांबला.

"मारुतीराव हवालदार! जागेवर थांब!"

मारुतीरावांच्या टाचा खटकन जुळल्या. छाती पुढे आली, हात बाजूला चिकटले. ते सावधानमध्ये उभे राहिले. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जाऊ लागले. एक तरुण थांबून त्यांना बाजूला नेऊ लागला, तर ते म्हणाले, "हुकूम झालाय बाबा. आता हलणार न्हाय."

माधवी उलट्या दिशेने, खांद्यांनी माणसं सारत त्यांच्यापाशी आली. तिने माझं कडं त्यांच्या मनगटात घातलं. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने जीभ चावली.

"चुकलं, मामा. नाव घेतलं मी तुमचं. अरेतुरे केलं."

"चुकलं न्हाय," मारुतीराव म्हणाले. "चुकलं माझं. तू 'हळू' म्हणालीस तवाच ऐकाय पायजे होतं. असा आवाज होता तर इतकं दिस कुठं ठेवलतीस गं?"

त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पुढे मदतीची गाडी उभी होती. मारुतीराव म्हणाले, "तू बघ आनि सांग. बस म्हणालीस तर बसतो गाडीत." जन्मभर स्वतःचंच खरं करणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच निर्णय सुनेच्या हाती दिला. माधवीने जखम पाण्याने धुतली, गुडघा वाकवून पाहिला, त्यांना चार पावलं चालायला लावली.

"पळायचं," ती म्हणाली. "पण माझ्या चालीनं."

"व्हय साहेब!"

मग आम्ही पळालो, चाललो, पुन्हा पळालो. पुष्कळ लोक आमच्या पुढे गेले. मारुतीरावांनी एकदाही मला ओढलं नाही. "डावं!" ती ओरडायची आणि ते डावीकडे वळायचे. शेवटी ती म्हणाली, "मामा, कमान दिसाय लागली."

"कसल्या रंगाची?"

"निळी. वर पिवळी अक्षरं. खाली लई माणसं हाईत, सगळी आपल्याकडंच बघाल्यात."

कमानीखाली मारुतीरावांनी हात उंच केला, म्हणून माधवीचाही हात वर गेला. दोघांच्या मधे, सगळ्या शहराच्या वर, क्षणभर मी होते.

गावात मोठं कौतुक झालं. शाळेत सत्कार झाला. पदक सोप्यातल्या खिळ्यावर टांगलं गेलं आणि त्याखालीच मला अडकवलं. मग माधवीला दिवस गेले. पळणं बंद झालं. घरात मुलगी जन्मली, माणसांची ये-जा वाढली, आणि मी खिळ्यावरच राहिले. पदक सणासुदीला पुसलं जायचं. माझ्यावर धूळ बसली. एका उंदराने लुगड्याची पट्टी कुरतडली. पाहुण्यांना पदक दाखवताना मारुतीरावांची बोटं कधी कधी मला लागायची. ती जराशी थांबायची आणि मागे जायची. "माधवीला आता लेकरू हाय. कुणाला म्हणायचं?" असं ते एकदा जयाबाईंना म्हणालेले मी ऐकलं.

यंदा आनंदला बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि तो घरी राहायला आला. तो अंगाने जाड आहे. शाळेतसुद्धा कधी पळाला नव्हता. बापलेकांत बोलणंही बेताचंच. परवा पहाटे तो मांडीवर लेक घेऊन सोप्यात बसला होता. त्याने वर पाहिलं, मुलीला माधवीकडे दिलं आणि मला खिळ्यावरून काढलं.

"आप्पा, मला जमंल काय?"

मारुतीराव जागचे उठले. मग त्यांनी हात पुढे केला.

फरशीच्या पुलाशीच आनंदला धाप लागली. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मारुतीराव त्याच्याशेजारी थांबले. "दम घे. घाई न्हाय," ते म्हणाले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मित्रांनो, बापाने लेकाच्या पाठीवरून हात फिरवलेला मी त्या घरात पहिल्यांदा पाहिला.

तुमच्याही घरात कुणी सोप्यात बसून असेल. त्याला काय येत नाही ते सगळ्यांनाच माहीत असतं. काय येतं ते एकदा विचारून बघा. त्याच्यासोबत निघालात तर त्याला ओढू नका, ढकलू नका. खड्डा आला तर वेळेवर आणि स्पष्ट सांगा. आणि माझ्यासारखी एखादी दोरी तुमच्याकडे असेल तर तिला पदकाखाली टांगून ठेवू नका. आम्हाला घाम लागलेला चालतो. पळून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, विरलेली पट्टी बदला. एवढं केलंत तरी पुष्कळ वर्षं पुरतो आम्ही.

आज आनंदने मला धुऊन अंगणातल्या तारेवर घातलं आहे. जयाबाईंनी नवी पट्टी काढून ठेवली आहे. मारुतीराव सोप्याच्या पायरीवर येऊन उभे आहेत आणि थोड्या थोड्या वेळाने विचारतायत, "आनंद, वाळली काय रं ती?"

अजून जराशी ओली आहे मी. पण पहाटेपर्यंत वाळेन.