कडी किती उंचावर

माझ्या नवऱ्याच्या मते जगात दोनच प्रकारच्या इमारती असतात, गळणाऱ्या आणि अजून न गळणाऱ्या. धंदा नळदुरुस्तीचा. माणसंही तो 'तुंबलेल्या सिंकवाल्या काकू' अशीच लक्षात ठेवतो. अशा जाणकाराला बरोबर घेऊन मी लेकीसाठी शाळा बघायला निघाले होते.

लेक म्हणजे आमची ठकी, वय वर्षं सहा. बालवाडीत बाथरूमची कडी अडकून ती एकदा बराच वेळ आत राहिली होती. तेव्हापासून शाळेत त्या बाजूला फिरकणंच तिने सोडलं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पिणंही सोडलं. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी भरलेलीच परत यायची. दप्तर दारात टाकून ठकी आधी बाथरूमकडे पळायची. दोनदा ताप येऊन गेला. "आता दिवसभराची शाळा, हे असं चालायचं नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी समजावलं, रागावले, बाहुली कबूल केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पहिली शाळा बघूनच मी हरखले. फरशीत तोंड दिसत होतं. मी माझी पंधरा प्रश्नांची यादी काढली आणि मुख्याध्यापकांनी पंधराही उत्तरं घडाघडा दिली. तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. स्वारी परतली ती ओले हात झटकत.

"मुलीची शाळा बघायला आलोय की नळ?" फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं.

"नळ झकास आहेत. कडी माझ्या छातीशी आहे."

"मग? तू शिकणार आहेस का इथे?"

"मी नाही. ठकी."

"अरे, बाई असतात की मदतीला!"

"बाईंना हाक मारावी लागते. आपली ठकी मारेल?"

ठकी हाक मारणार नाही, हे मलाही माहीत होतं. मनातून मात्र ती फरशी काही जाईना.

दुसऱ्या शाळेच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. वाचनालय म्हणजे दोन कपाटं. मुख्याध्यापिकाबाईंच्या हाताला खडू लागलेला, आणि माझ्या तीन प्रश्नांना त्यांनी चक्क "माहीत नाही" म्हटलं. मी नाक मुरडायच्या बेतात होते, तर पुन्हा खुर्ची रिकामी. या वेळी बरोबर आणलेली ठकीही गायब.

मी शोधत गेले. बाथरूमच्या बंद दारासमोर नवरा उकिडवा बसला होता.

"लाव," तो म्हणाला. आतून खट्.

"उघड." पुन्हा खट्. दार किलकिलं झालं, ठकीचा एक डोळा दिसला आणि दार पुन्हा लागलं. आता तर तो काही बोलतही नव्हता. आतून खटखट चालूच होती, मधूनच खुदकन हसू येत होतं.

दारावर एकाखाली एक बुजवलेली भोकं होती. "ही कसली?" मी तिथे झाडणाऱ्या मावशींना विचारलं.

"कडीची हो! दर वर्षी पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोर दाराशी उभं करतो. त्याच्या हनुवटीला येईल अशी कडी बसवतो. बाकीच्यांचा मग हात पुरतोच."

नवरा बोट लावून भोकं मोजत होता. आत्ताच्या कडीचं धरून सात निघाली. सात वर्षं कोणीतरी इथे सगळ्यात लहान पोराकडे आधी बघत होतं. माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. मी यादी पर्समध्ये कोंबली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मावशींनी पोरांची रांग लावली. सगळ्यात बुटकी आमचीच ठकी निघाली. दारावर आठवं भोक पडलं.

संध्याकाळी ती सावकाश चालत घरात आली. दप्तर जागेवर ठेवलं, चपला जागेवर ठेवल्या. नवऱ्याने बाटली उचलली आणि सिंकवर उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"गळत असेल," मी म्हटलं.

गळतीचं नाव काढल्यावर तो कसला थांबतोय! झाकण फिरवून पाहिलं, बूड चाचपलं, बाटली उजेडाकडे धरली.

ठकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"गळत नाहीये, बाबा. मीच प्यायले. उद्या मोठी द्या."