शेगडीबद्दलचा एक खोटा प्रश्न

'गॅसची शेगडी चुकून रात्रभर चालू राहिली तर काय होतं?' ऑर्विल नायगार्डने दोन बोटांनी टाइप केलं आणि शोधाचं बटण दाबलं. मग उठून तो स्वयंपाकघरात डोकावून आला. शेगडी बंद होती. बंदच असणार, प्रश्न खोटा होता.

खुर्चीत परत बसताना त्याला बऱ्याच दिवसांनी तरतरी वाटली. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्याची उभी हयात गेली होती. कुणाचं कोठार विजेने जळलं आणि कुणी स्वतःच काडी लावली, हे तो मालक कॉफीचा किती आग्रह करतो त्यावरून ओळखायचा. ती नजर काय नोकरीबरोबर निवृत्त होते?

आता संशय लेकीवर होता. गेल्या रविवारी ब्रिटा मिनियापोलिसहून हा नवा कॉम्प्युटर घेऊन आली. जुना चांगला चालत होता, पण त्याला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, चोर शिरतील, असं तिचं म्हणणं. सगळं तिनेच जोडलं, सुरू करून दिलं आणि ती गेली. मागे राहिलेल्या या पाहुण्याने ऑर्विलचा जीव खाल्ला. जुन्या प्रिंटरला तो ओळखच दाखवेना. पत्त्यांचा डाव मांडावा तर मध्येच गुडघ्याच्या मलमाची जाहिरात. आणि चौकश्या तरी किती! तुम्ही कुठे आहात ते बघू का? माइक चालू ठेवू का? पडद्यावर जे कराल त्याचे फोटो काढून ठेवू का, म्हणजे पुढे आठवायला सोपं जाईल? ऑर्विलने सगळ्याला 'नाही' म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न हजर. लग्नाआधी सासऱ्यानेही त्याची एवढी उलटतपासणी घेतली नव्हती.

'नाही, नाही' करताना एका कोपऱ्यात त्याला 'कुटुंब' असं लिहिलेलं दिसलं. खाली दोन नावं, त्याचं आणि ब्रिटाचं. हीच ब्रिटा महिन्यापूर्वी म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं रंगीत माहितीपत्रक टेबलावर 'सहज' विसरून गेली होती. डुलूथच्या टेकडीवरचं हे घर आणि खिडकीतलं सरोवर सोडून ऑर्विल कुठेही जाणार नव्हता. पण म्हातारा एकटा राहायच्या लायकीचा उरला नाही, याचा पुरावा कुणाला गोळा करायचाच असेल तर तो या डबड्यातूनच होणार. म्हणून शेगडी. ब्रिटाने शेगडीचा विषय काढला की चोर मुद्देमालासकट हातात.

रविवारी ती आली. घरून आणलेलं वाइल्ड राइसचं सूप तिने गरम करायला ठेवलं. बर्फाच्या, ऑफिसच्या गप्पा झाल्या.

"कॉम्प्युटर कसा चाललाय, डॅड?"

"चालतोय कसला, नुसत्या चौकश्या करतोय. पोलिसात भरती व्हायचा तो चुकून इथे आला."

ब्रिटा हसली. सूप वाढून झाल्यावर तिने शेगडी बंद केली, बटण पुन्हा एकदा चाचपलं, आणि मग समोर येऊन बसली.

"शेगडी नीट आहे ना रे? काही झालं नाही ना?"

सापडली. याची इतके दिवस वाट पाहिली होती, पण आनंद काही झाला नाही. संताप झाला. त्याने चमचा खाली ठेवला.

"पोटच्या पोरीने बापावर पाळत ठेवायची? मी काय शोधतो, काय लिहितो, ते तिकडे बसून वाचतेस, लाज नाही वाटत? तो प्रश्न खोटा होता, ब्रिटा. खास तुझ्यासाठी लावलेला सापळा होता तो!"

ब्रिटा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"सापळा लावलायस ते. तूच सांगितलंस. बुधवारी मला फोन केलास तेव्हा. तुला वाटलं, तू आत्याशी बोलतोयस. म्हणालास, ब्रिटाला कळू देऊ नकोस हं, तिला रंगेहाथ पकडायचंय."

"काहीतरीच! मग सगळं माहीत असताना विचारलंस कशाला?"

ब्रिटाने मान खाली घातली. "फोन केलेला तुला आठवतो का, ते बघायचं होतं."

खोटं बोलतेय, हा ऑर्विलच्या मनातला पहिला विचार. पकडला गेलेला माणूस असाच काहीतरी शेंडाबुडखा नसलेला किस्सा पुढे करतो. वाचलंय हिने सगळं, आणि आता विसरभोळेपणा बापाच्या गळ्यात बांधतेय. त्याने बुधवार आठवून पाहिला. सकाळी बर्फ बाजूला केला होता. की तो मंगळवार? त्याला भीती वाटली. चाळीस वर्षांत त्याने कधी कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. पुरावा मागायचा, बघायचा, मगच सही करायची.

"हवं तर तुझ्या फोनमध्ये बघ," ब्रिटा हळूच म्हणाली. "कुणाला कधी केला ते असतं त्यात."

फोन सुपाच्या वाडग्याशेजारीच होता. ऑर्विलने तो उचलला, बाहीने पुसला आणि खिशात टाकला.

"सूप निवतंय," तो म्हणाला. "खाऊन घे."