शांत कुत्र्याचं कार्ड

भटक्या कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यात दर रविवारी दहा ते एक लोक कुत्री बघायला यायचे. वहिनींचं मत असं होतं की त्यांतल्या निम्म्या लोकांना पिंजऱ्यात घालावं आणि कुत्र्यांना बाहेरून बघू द्यावं. एक जण खिशात फरशीचा तुकडा घेऊन आला होता. गळलेले केस फरशीवर दिसणार नाहीत अशा रंगाचा कुत्रा त्याला हवा होता. एका बाईंनी ‘वॉरंटी किती?’ असं विचारलं. विनोद असेल म्हणून वहिनी हसल्या, तर बाई रागावल्या. एक तरुण जोडपं ‘याच्या डोळ्यांत काय दुःख आहे ना!’ म्हणत पाऊण तास फोटो काढत बसलं, आणि पुरेसं दुःख गोळा झाल्यावर हात धुऊन चालतं झालं.

वहिनी नक्की कुणाच्या वहिनी, हे निवाऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पिंजरे धुणाऱ्या मामांनी पहिल्या दिवशी तशी हाक मारली आणि ती चिकटली. मामा तरी कुणाचे मामा होते म्हणा! वहिनींनी कॉलेजात वाङ्मय घेतलेलं, अक्षर वळणदार, आणि तीन वर्षांच्या मुलीला बापाच्या गळ्यात घातलं की रविवारचे तीन तास मोकळे. एवढ्या भांडवलावर त्यांना कार्डं लिहिण्याचं काम मिळालं. दर पिंजऱ्यावर एक कार्ड. त्यावर नाव, वय, दुखणंखुपणं आणि स्वभाव.

स्वभावाच्या रकान्यावर अध्यक्षबाईंची करडी नजर असे. ‘नकारात्मक काही नको हं. माणूस वाचताक्षणी विरघळला पाहिजे,’ असं त्यांनी बजावलं होतं. मग वहिनींनी हळूहळू एक निराळीच भाषा शिकून घेतली. वाऱ्यावर सुद्धा भुंकणारा ‘दक्ष’ झाला. हाती लागेल ते फाडणाऱ्याला ‘उत्साही’ म्हटलं. दात पडून गेलेला म्हातारा ‘अनुभवी’ ठरला. आणि पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, चार महिने एक आवाज न काढता बसलेल्या लंगड्या कुत्र्याच्या कार्डावर वहिनींनी लिहिलं, ‘शांत’.

रजिस्टरमध्ये त्याचं नाव सुलतान. ही अध्यक्षबाईंची आवड. मामा त्याला भिंत्या म्हणत.

‘भित्या म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठ्या पडतात,’ मामा म्हणाले होते, ‘म्हणून डोक्यावर एक टिंब देऊन टाकलं.’

भिंत्या सापडला तो बंद पडलेल्या गॅरेजात, एका ट्रकखाली. मागचा पाय मोडलेला, अंगावर केसांपेक्षा खरूज जास्त. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय जोडला, औषधाच्या अंघोळी झाल्या, बरगड्या मांसाखाली गेल्या, तांबूस लव उगवली. शरीराने सगळं ऐकलं. पण अजूनही कुणी बघत असेल तर तो खात नसे. मामा भांडं ठेवायचे, पाठ फिरवायचे आणि मोठ्याने आकडे मोजायचे. पंचविसाच्या आसपास मागून लपलप ऐकू यायची. मामांनी वळून पाहिलं की बंद.

आणि रविवारचे लोक? ‘किती शांत आहे हो!’ ‘काही त्रासच नाही याचा!’ ‘चेहरा किती समजूतदार!’ कार्ड चांगलं जमलं म्हणून वहिनी मनातल्या मनात खूशही व्हायच्या.

त्यांच्या मुलीच्या बालवाडीतल्या बाईही हेच म्हणायच्या. ‘हिचा काही त्रासच नाही हो. बसवलं तिथे बसते.’ वहिनींना त्याचं कोण कौतुक! सासूबाईंना, आईला, शेजारणीला, सगळ्यांना सांगून झालं. मग एका गुरुवारी मुलगी डबा विसरली म्हणून त्या बालवाडीत गेल्या आणि दाराच्या काचेतून आत डोकावल्या. बाकीच्या पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. त्यांची मुलगी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून दाराकडे बघत होती. काचेपलीकडे आई दिसली तरी तोंडातून चकार शब्द नाही.

असं बसणं वहिनींनी पाहिलेलं होतं. दर रविवारी पाहत होत्या, आणि वर त्याला सुवाच्य अक्षरात नावही देऊन आल्या होत्या.

‘शांत नाहीये रे ती,’ घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या. ‘घाबरून थिजलीये.’

‘तू पण ना! गॅसचं बटण चारदा चाचपतेस, आता पोरीच्या गप्प बसण्यालाही हात लावून बघणार?’

‘बघणारच.’

शुक्रवारी त्या बालवाडीच्या दारात अर्धा तास बसून राहिल्या. बालवाडीच्या बाईंचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. होऊ दे, वहिनींनी ठरवलं. रविवारी भिंत्याचं कार्डही बदलायचं असं त्या ठरवूनच निवाऱ्यात गेल्या, पण त्यांना उशीर झाला होता. सोफावाले त्यांच्या आधीच पोचले होते.

सोफावाल्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि निवाऱ्याच्या गळक्या शेडवर नवे पत्रे घालून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यामुळे अध्यक्षबाई सकाळपासून जमिनीच्या दोन बोटं वरून चालत होत्या. बरोबर सोफावाल्यांची बायको, आणि सहा वर्षांचे चिरंजीव. चिरंजीव एव्हाना थेट पिंजऱ्यात शिरले होते आणि भिंत्याचा कान किती लांब होतो ते तपासत होते.

‘आम्हाला अस्साच हवा होता,’ सोफावाले म्हणाले. ‘भुंकाभुंक नको. आमच्याकडे माणसांची ये-जा फार.’

‘आणि रंगही शोभतो हो,’ बायको म्हणाली. ‘आपल्या त्या नव्या तीन सीटरला.’

‘सुलतान म्हणजे ऋषी आहे, ऋषी!’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘मामा, पट्टा आणा.’

मामा पट्टा आणायला गेले ते बरेच हळू गेले.

वहिनी भिंत्याकडे बघत होत्या. तो लाकडासारखा ताठ झाला होता. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. हा असा कुत्रा त्या घरात गेला, पाहुण्यांत, पोराच्या हातात, तर एक ना एक दिवस दात लागणार. पोराला लागणार. आणि चावलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं ते मामा कधी सांगत नसत. विचारलं की नळ मोठा सोडत.

‘एक मिनिट,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्याला एक बिस्कीट देऊन बघा बरं. घाबरलेलं जनावर माणसांसमोर खात नाही. तुमचं तुम्हालाच दिसेल.’

चिरंजीवांनी बिस्कीट भिंत्याच्या नाकाला टेकवलं. भिंत्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

‘अगबाई, काय मॅनर्स!’ सोफावाल्यांची बायको हरखली. ‘आमच्याकडे येणाऱ्या माणसांना पण नाहीत!’

वहिनींना क्षणभर वाटलं, आता बोलण्यात अर्थ नाही. कमी दिसणाऱ्याला चष्मा देता येतो, पण कौतुकाने डोळे भरलेल्या माणसाला काय देणार?

तरी त्या बोलल्या. ‘तो शांत नाही. भेदरलेला आहे. कार्डावर खोटं लिहिलंय. मीच लिहिलंय.’

अध्यक्षबाई खोटं हसल्या. ‘आमच्या वहिनी जरा काळजीखोर आहेत हं. स्वतःच्या मुलीला द्राक्षसुद्धा चार फोडी करून देतात.’

‘देतेच. घशात अडकायला एक पुरतं.’

‘अहो, तुम्ही पण आई आहात ना?’ सोफावाल्यांची बायको म्हणाली. ‘मग मुलाचं मन मोडू नये एवढं कळायला हवं.’

‘मन परत जुळतं. गालाला टाके घालावे लागतात.’

हे चाललेलं असताना चिरंजीवांनी ‘घोडा, घोडा’ म्हणत भिंत्याच्या पाठीवरून एक तंगडी टाकली. वहिनी पुढचामागचा विचार न करता आत घुसल्या आणि पोराला काखेत धरून वर उचललं. त्याच क्षणी तो आवाज आला. शेजारच्या खोलीत कुणीतरी जड कपाट सरकवावं तसा, खोल, खरखरीत. कुठून आला हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला. भिंत्याचा वरचा ओठ उचललेला होता. चावला नाही, झेपावला नाही. गुरगुरला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

‘बोलला!’ हातातला पट्टा टाकून मामा ओरडले. ‘अहो वहिनी, बोलला हो भिंत्या!’

‘याला तुम्ही शांत म्हणता?’ पोराला वहिनींच्या हातातून ओढून छातीशी घट्ट धरत बायको किंचाळली.

सोफावाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘कार्डावर एक आणि आत भलतंच! आमच्या शोरूममध्ये हे चालत नाही.’

‘तुमच्या शोरूममध्ये सोफ्यावर उड्या मारल्या तरी सोफा काही म्हणत नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हणून तुम्हाला सवय नाही. हा नको म्हणाला. एवढं म्हणायला त्याला चार महिने लागले.’

अध्यक्षबाईंनी झटपट पाहुण्यांना पुढच्या पिंजऱ्याकडे वळवलं. पुढच्या पिंजऱ्यात ‘उत्साही’ होता. तो शेपटी हलवत जाळीवर चढला, चिरंजीवांचं तोंड चाटलं, आणि सोफावाल्यांचं कुटुंब कार्ड न वाचताच विरघळलं.

‘तो सगळं फाडतो,’ वहिनींनी मागून सांगितलं. ‘चपला, गाद्या, काहीही. तुमचा तीन सीटर...’

‘तुमचं पुरेसं ऐकलं आम्ही,’ बायको म्हणाली. पाच मिनिटांत ते उत्साहीला गाडीत घालून घेऊनही गेले. वहिनींना त्या सोफ्याविषयी कणभरही वाईट वाटलं नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर अध्यक्षबाई फिरल्या. ‘सुलतानच्या कार्डावर आक्रमक लिहा. आणि मागच्या शेडमध्ये हलवा त्याला. आजच.’

मागच्या शेडमध्ये रविवारचे लोक नेले जात नसत. तिथे गेलेला कुत्रा कुणाला दिसतच नसे. मग त्याला नेणार कोण?

‘आक्रमक लिहिणार नाही,’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘एकदा खोटं लिहून झालं. आता उलट्या बाजूने तेच करू?’

‘मग तुमचं काम दुसरं कुणी करेल. मामा, हलवा याला.’

मामांनी खराटा भिंतीला टेकवला. ‘तुम्हीच हलवा बाई. मी नाही हात लावणार. गुरगुरतो तो.’

अध्यक्षबाईंनी भिंत्याकडे पाहिलं, स्वतःच्या कडक इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, आणि ‘बघते मी पुढच्या आठवड्यात’ म्हणून ऑफिसात गेल्या. पुढचा आठवडा त्यांनी कधी बघितला नाही. साडी तरी किती वेळा धुणार?

वहिनींनी नवं कार्ड लिहिलं. ‘हा माणसांना घाबरतो. कुणी बघत असेल तर खात नाही. अंगाला हात लावू नये. नको असेल तर गुरगुरतो, तेव्हा लगेच थांबावं. लहान मुलं असलेल्या घरी देऊ नये.’ अक्षर जरा वाकडं आलं.

‘वहिनी,’ मामा कार्ड वाचून म्हणाले, ‘तुम्हीच न्या की याला. एवढा जीव आहे तर.’

‘शेवटचं वाक्य वाचलंत ना? माझ्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे.’ हे बोलताना त्यांना स्वतःचाच राग आला. दुसऱ्याला चार खडे बोल सुनावणं सोपं होतं. पण भिंत्याला आपण नेऊ शकत नाही हे तितकंच खरं होतं, आणि ते त्यांनीच लिहिलं होतं.

पुढचे तीन रविवार लोक कार्ड वाचून हसत गेले. ‘ही ओळख आहे की धमकी?’ एकाने विचारलं. दुसऱ्याने नुसता मोबाइल काढून कार्डाचाच फोटो घेतला. कुत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चौथ्या रविवारी एक निवृत्त नर्सबाई आल्या. कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘गुरगुरायच्या आधी काय करतो? ताठ होतो, की ओठ उचलतो?’

इतक्या महिन्यांत हा पहिला धड प्रश्न होता. वहिनी चाचरल्याच. ‘आधी ताठ होतो.’

‘बरं,’ म्हणून बाईंनी बादली पालथी घातली, पिंजऱ्याबाहेर कुत्र्याकडे पाठ करून बसल्या आणि मुकाट शब्दकोडं सोडवू लागल्या. तासभर. उठताना ‘पुढच्या रविवारी येते’ म्हणाल्या आणि खरोखरच आल्या. त्याच्या पुढच्याही.

मामा खूश होते. वहिनी खूश व्हायला तयार नव्हत्या. त्यांनी बाईंना घरी किती माणसं, नातवंडं येतात का, किती दिवस राहतात, खिडक्यांना जाळ्या आहेत का, बाहेरगावी जाताना काय करणार, हे सगळं विचारून घेतलं.

‘तुम्ही कुत्रा देताय की नोकरी?’ नर्सबाईंनी विचारलं.

‘अजून काहीच देत नाहीये. तुमच्या चपला फार वाजतात. तुम्ही फाटकातून आत आलात की तो ताठ होतो.’

नर्सबाईंनी पायांकडे पाहिलं. पुढच्या रविवारी त्या आल्या तेव्हा फाटक उघडल्याचंसुद्धा कुणाला कळलं नाही. पायांत कापडी बूट होते, नवे, एक आकडा मोठे. आणि बादली पालथी घालून त्या बसल्या, तेव्हा मामांनी भांडं ठेवून मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत पोचले असतील नसतील, मागून लपलप ऐकू आली.