फोन वाजत रवाक व्हयो

गुरुप्रसादला कामाआधी एकच अट घातली होती.

"तुका जा काय करूचा आसा ता कर," भिकाजीकाका म्हणाले होते. "पण फोन वाजत रवाक व्हयो." वाजत राहायला हवा, एवढंच.

मिठबावात समुद्राकडे तोंड करून भिकाजीकाकांचं सहा खोल्यांचं होमस्टे. जानकीकाकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नम्रता लग्न करून मस्कतला. जाण्याआधी तिने होमस्टेच्या जाहिराती गुगलवर लावून दिल्या होत्या. कोणी 'कोकणात बीचजवळ रूम' असं शोधलं की वरच काकांची जाहिरात दिसायची. नुसती बघितली तर फुकट, बोट लावलं की काकांचे पैसे कापले जायचे.

नम्रताने कुठे शिकून वगैरे केलं नव्हतं. सुचेल तशी एकेक कॅम्पेन, म्हणजे जाहिरातींचा एकेक गट, टाकत गेली. दिवाळीची एक, मे महिन्याची एक, कोणीतरी सांगितलं म्हणून डॉल्फिनची एक. चार वर्षांत अडतीस झाल्या. एकच शब्द पाच-पाच ठिकाणी. कुठल्या जाहिरातीने गिऱ्हाईक आलं ते देवाला ठाऊक. ते सगळं नीट लावायचं, आणि लावताना धंदा बसू द्यायचा नाही, हे गुरूचं काम.

गुरूही कुठे शिकला नव्हता. व्हिडिओ बघून बघून आलं ते. राहायचा कट्टा गावात, बाजारात वरच्या मजल्यावर. आईबाबा भावाचं बाळ सांभाळायला डोंबिवलीला गेले ते दीड वर्ष झालं. मित्रांपैकी एक पुण्यात, एक गोव्यात, एक बोटीवर. घरात तो आणि लॅपटॉप. खाली एसटी येऊन थांबायची, लोक उतरायचे, गाडी जायची. एखाद्या दिवशी त्याच्या ध्यानात यायचं की आज आपण पहिला शब्द बोललो तो संध्याकाळी चार वाजता, दुकानात. 'अर्धा लिटर दूध.'

पण काम त्याला कळायचं. पावसाआधी घराचे नळे, म्हणजे कौलं, परततात तेव्हा अख्खं छप्पर कोणी उघडं टाकत नाही. एक ओळ काढायची, साफ करायची, लावायची, मग पुढची. त्याने तसंच ठरवलं. सगळ्यात चांगली चालणारी कॅम्पेन शेवटपर्यंत हलवायची नाही. नवीन चालू केली तरी जुनी लगेच मारायची नाही. दोन्ही शेजारी चालू द्यायच्या, नवीनने बाळसं धरलं की जुनीचा खर्च हळूहळू कमी करायचा. आठवड्याला एक-दोन कॅम्पेन, जास्त नाही. शिवाय जुन्याची सगळी नोंद आधी एका शीटमध्ये उतरवून ठेवायची, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येईल.

पाच महिने लागले. अडतीसच्या पाच झाल्या. बुकिंग एकानेही कमी झालं नाही. ह्याचं कौतुक करायला घरात कोणी नव्हतं, म्हणून त्याने डोंबिवलीला फोन लावला. आई म्हणाली, "बरा झाला रे. थांब हां, बाळ उठला." आणि फोन ठेवला.

जुन्यातली हात न लावलेली एकच उरली होती. नम्रताने तिला नाव दिलं होतं 'गाववाले'.

ती उघडली आणि गुरूला हसू आलं. शोधायचे शब्द चक्क मालवणीत. 'मिठबावात रवाक खोली.' 'गावाक उतराक जागा.' घरात बोलतात तसं टाइप केलं होतं पोरीने. असं कोण शोधतं? पण शोधत होते. ह्या जाहिरातीवर बोट लावलं की वेबसाइट उघडायची नाही, थेट काकांना फोन लागायचा. फोन भरपूर. एकेक फोन नऊ मिनिटं, चौदा मिनिटं, एक तर एकतीस मिनिटं. बाकीच्या कॅम्पेनचे फोन दोन मिनिटांत आटपायचे. आणि वर्षभरात बुकिंग? तीन.

फुकटचे बडबडे, गुरूने ठरवलं. हिच्यासाठी कसले नळे परतायचे. मंगळवारी सकाळी त्याने ती एका झटक्यात बंद केली. शेजारी नवीन चालवणं नाही, हळूहळू कमी करणं नाही. स्क्रीनवरचा तक्ता स्वच्छ दिसायला लागला. महिनाभराने खर्च खाली आणि बुकिंग होतं तिथेच. असा रिपोर्ट त्याने आधी कधी केला नव्हता. मेलवर पाठवण्यापेक्षा हातात नेऊन द्यावा म्हणून प्रिंट काढली, बाईक काढली आणि आचऱ्यावरून मिठबाव गाठलं. खरं म्हणजे कोणाशी तरी बोलायचं होतं.

काका पडवीत बसले होते. समोर स्टुलावर फोन, बाजूला त्याचा कोरा डबा.

"इलस? बस. नवीन फोन घेतलंय. जुनो बिघाडलो."

"काय झाला तेका?"

"वाजणा बंद झाला. देवगडात दुकानात दाखवलंय. तो म्हणता, आजोबानू, फोन बरो आसा. म्हटलंय, मेल्या, बरो आसा तर वाजता कित्याक नाय? शेवटी नवीन घेतलंय. ह्यो पण वाजणा नाय."

गुरूने प्रिंट पुढे केली. "काकानू, खोल्ये तर भरलेले आसत."

"भरलेले आसत, ता खरा. पोरा येतत, मोबाईलवर पैसे टाकतत, चावी घेतत, जातत. माका इचारुची गरजच नाय तेंका. कुत्रो आसा काय, इतक्याच इचारतत." काकांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा. "पण माझी माणसा खंय गेली?"

"खंयची माणसा?"

"गंगाराम. वरच्या वाडीतलो. आता नालासोपाऱ्याक आसता. चुलत्यान घर विकल्यान, गावात उतराक जागा नाय तेका. पयल्यांदा फोन केल्यान तेवा नाव पण सांगी ना. 'रूमचा भाडा किती?' शुद्ध मराठीत, सायबासारखा. मी म्हटलंय, तू कोणाचो रे? मगे रडाकच लागलो. आंबो कोणाच्या वाट्याक गेलो, विहिरीक पाणी आसा काय, जत्रा कधी. तसे धा-बारा जण आसत. दर दोन-चार दिवसांनी कोण ना कोण."

"पण बुकिंग तर करीत नाय ते."

"आपल्या गावात पैसे देवन रवाक लाज वाटता रे. भाडा इचारतत आणि गप होतत. जत्रेक येतत तेंका मी हयच पडवेत झोपवतंय. तां काय तुका कळवूचा?"

वर्षात तीन बुकिंग असलेल्या कॅम्पेनचे पाहुणे गुरू आत्ता जिथे बसला होता तिथे झोपून गेले होते.

"तेंच्याकडे तुमचो नंबर नाय काय?"

"आसतलो. पण माका फोन करूचो म्हणान कोण करता? रूम इचारूच्या निमतान करीत. परत तसाच सोधीत, परत तसाच लावीत."

"काकानू, तुमचो फोन बरो आसा," गुरू म्हणाला. "मी बंद केलंय तो."

त्याने सगळं सांगितलं. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते डब्यात जुना फोन भरत राहिले. "माझा चुकला," शेवटी म्हणाले. "फोन वाजाक व्हयो म्हटलंय. कोणाचो ता सांगूक नाय."

गुरूने तिथेच लॅपटॉप उघडून 'गाववाले' चालू केली.

पण बंद पडलेली कॅम्पेन लगेच पळत नाही. मधल्या महिन्यात ते शब्द शोधणाऱ्यांना नव्या कॅम्पेनची जाहिरात दिसत होती. एसी रूम, सी व्ह्यू, आणि बोट लावलं की तारखांचं कॅलेंडर. गंगारामने ते बघून काय केलं असेल? गुरूने आता ते मालवणी शब्द नव्या कॅम्पेनमधून एकेक करून काढले. नम्रताची जाहिरात होती तशीच ठेवली, एका अक्षराला हात लावला नाही. आणि वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन. "वाजूक नाय रे."

"थोडे दिवस लागतले, काकानू."

तिसऱ्या दिवशी परत. "नाय वाजूक. जेवलस काय?"

"भात लावलंय."

"नुसतो भात?"

"नुसतो नाय. पापड आसा."

"पापड म्हणजे काय जेवाण? तुझी आवस खंय आसा?"

"आई डोंबिवलीक आसा."

पाचव्या दिवशी त्यांनी सोलकढीत नारळाचा दुसरा रस किती घालायचा ते सांगितलं. आठव्या दिवशी जानकीकाकी कॅरम कशी खेळायची ते. गुरूने आपल्या बोटीवरच्या मित्राचं सांगितलं, मग बाळाचं, मग दुधाच्या दुकानाचं. संध्याकाळी साडेपाच झाले की तो लॅपटॉप मिटायचा आणि फोन चार्जिंगवरून काढून हातात घ्यायचा. रोज पहिलं वाक्य तेच, 'वाजूक नाय.' त्या वाक्याने गुरूला वाईट वाटायला हवं होतं. वाटायचंही. तरी एका संध्याकाळी, 'गाववाले' लवकर चालावी म्हणून तिची रक्कम थोडी वाढवून बघावी असं मनात आलं, आणि त्याने ती वाढवायला दोन दिवस लावले. का लावले ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी साडेपाच वाजले. सहा वाजले. खाली कुडाळची एसटी आली, गेली.

गुरूने लॅपटॉप परत उघडला. 'गाववाले'. आजचे फोन, एक. पाच वाजून बारा मिनिटांनी. वेळ, सव्वीस मिनिटं.

तो खुर्चीत मागे रेलला. परतलं एकदाचं छप्पर. सगळ्या ओळी लागल्या, एक नळा फुटला नाही. शीटमध्ये त्याने त्या दिवसाच्या ओळीत 'सुरू' असं लिहिलं.

मग फोन घेतला, भिकाजीकाकांचा नंबर काढला आणि थोडा वेळ तसाच धरून बसला. साडेसहा होत आले होते. काकांचा आता दुसऱ्या कोणाशी फोन चालू असेल. मध्येच आपला कशाला.

त्याने फोन चार्जिंगला लावला आणि दूध आणायला खाली उतरला.