शेंदूर लावलेली झडप

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. दाराची नव्हे, काळजाची. परदेशातल्या कारखान्यात धातूचा इवलासा पिंजरा घडवला, आत एक रबरी चेंडू सोडला, ती मी. रक्त आलं की चेंडू सरकायचा, पुढं गेलं की परत बसायचा. टक, टक. काम एवढंच, पण त्यावर अख्खं माणूस उभं राहतं.

माझं माणूस म्हणजे संग्रामपूरची चांगुणा. तिचं तोंड एकाएकी लालभडक व्हायचं. गाव म्हणालं, देवी येते. ओट्या भरल्या, नारळ फोडले. पाय सुजून ढोल झाले, तेव्हा नवरा शालिग्राम कोणाचं न ऐकता तिला मुंबईला घेऊन आला. तिथं कळलं, आतड्यात गाठ आहे. तिचंच विष रक्तात उतरून तोंड लाल करत होतं आणि काळजाची उजवी झडप ताठरवत होतं. डॉक्टरांनी गाठ काढली, मग छाती उघडून मला बसवलं. गाठीची पिल्लं यकृतात राहिली, म्हणून लाली अधूनमधून येणारच होती. माझ्यावर रक्त गोठू नये म्हणून तिला रोज गोळी घ्यायची होती.

चांगुणा पुन्हा टोपली घेऊन बाजारात बसू लागली. माझी टकटक शेजारणीला ऐकू जायची.

"काय व चांगुणे, घड्याळ गियलं का?"

"हाव! पर टाइम इचारू नको, वांगे घे!"

ती हसली की वाटायचं, असंच जन्मभर वाजत राहावं.

नवरात्रात तोंड पुन्हा लाल झालं. सासू अन्नपूर्णाबाईनं तिला घटाजवळ बसवलं आणि गोळ्या लपवल्या.

"माय, तिच्या गोया दे! डाक्तरानं बजावलं हाय," शालिग्राम ओरडला.

"देवीले औषध पाजतं काऊन रे? घट उठेपर्यंत काही नाही!"

चांगुणा रडली. "आत्याबाई, मी देवी नाही वो. तुमची सून हाव. मले गोई द्या."

"पाहा, देवी परीक्षा पाहून राह्यली!" म्हणत बायकांनी हात जोडले.

पाच दिवस भांडून थकलेला शालिग्राम दुसऱ्या गोळ्या आणायला अकोल्याला धावला. तो परतायच्या आत माझ्यावर रक्त गोठलं. चेंडू अडकला. मी जीव तोडून उघडू पाहिलं, मित्रांनो. नाही उघडता आलं.

राख सावडताना मी सापडले. चेंडू जळाला होता, पिंजरा उरला होता. देवीची खूण म्हणून मला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवलं. तिला मारणारेच माझ्यापुढं नाक घासतात. शालिग्राम मात्र नमस्कार करत नाही. घरात कोणी नसलं की मला उचलतो आणि कानाशी धरतो. त्या वेळी एकदा, फक्त एकदा टक म्हणावं, एवढंच मला वाटतं.

मित्रांनो, आजारी बाईच्या पायांवर डोकं ठेवू नका. ती काय म्हणते ते ऐका, आणि तिची गोळी तिला द्या.