मी दुप्पट कापलं नाही

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि मी डूख धरतो. यंत्रांना मन नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये. माझं अंग बिडाचं आहे आणि मनही तसंच. त्यात एकदा रुतलेलं सहजी निघत नाही.

माझा जन्म फेंगयुआन शहरातल्या एका गल्लीतला. त्या गल्लीत घरटी एक कारखाना आणि कोपऱ्यावर नूडल्सची टपरी. मला घडवणाऱ्याने माझा बेड, म्हणजे सगळे भाग ज्यावर सरकतात तो पाट, हाताने खरवडून असा सपाट केला होता, की शेजारचे कारागीर मुद्दाम बोट फिरवून बघायला येत. पुष्कळ वर्षं मी शिलाई मशीनचे सुटे भाग कातले. मग तो कारखाना बंद पडला आणि निवृत्त बस ड्रायव्हर शी जिन-मू यांनी मला घरी आणलं. ते माझ्यावर पितळी भोवरे कातायचे. देवळाच्या अंगणात त्यांचा भोवरा फिरायला लागला की बाकीचे आपापले भोवरे खिशात घालत.

जिन-मूंनी माझ्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर ते ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच लागतं आणि ते खायचं नसतं. मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. म्हणून त्यांनी मला मोटारी बसवल्या, म्हणजे आकडे सांगितले की मी आपणहून कातावं. आता मला चालवणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि तिथेच मेहुणा आडवा आला. मेहुणा म्हणजे त्यांची बायको मेई-यिन हिचा धाकटा भाऊ, दू वेन-बिन. कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला, आणि तोंड असं की चीन समुद्र आटवेल.

"दाजी, हे बघा. रंगीत स्क्रीन, गोल फिरणारं चित्र. सगळं जग हेच वापरतं. तुमचं ते करड्या खिडक्यांचं सॉफ्टवेअर बघून झोप येते."

"अरे, पण हे मिलिंग मशीनसाठी आहे ना? माझा लेथ आहे. ते करडं लेथसाठीच आहे."

"मोटार ती मोटार, दाजी. आपण कुठे बसलोय हे तिला काय कळतंय!"

"अहो, तो दिवसभर यातच असतो," मेई-यिन म्हणाली. "ऐका की कधीतरी त्याचं."

बायकोपुढे जिन-मूंचं कधी चाललं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि माझं नशीब फिरलं.

मित्रांनो, गोष्ट अगदी साधी आहे. लेथवर धातू गरगर फिरतो आणि कापणारं टूल त्याला एकाच बाजूने लागतं. पण तो फिरत असल्यामुळे चहूबाजूंनी झिजतो. टूल एक मिलिमीटर आत गेलं की जाडी दोनने उतरते. लेथच्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक असतं. 'जाडी दोनने उतरव' म्हटलं की ते मला एकच सरकायला लावतं. मिलिंगमध्ये धातू जागेवर आणि टूल फिरतं, म्हणून त्या सॉफ्टवेअरला यातलं ओ की ठो कळत नाही. दोन म्हटलं की दोन सरक!

त्या दिवशी माझ्या चकमध्ये, म्हणजे जबड्यात, जे पितळ धरलं होतं, ते साधं नव्हतं. मेई-यिनच्या वडिलांची वूची बंदरात मासेमारीची होडी होती. होडी मोडली तेव्हा तिच्या पंख्याच्या मधला पितळी गड्डा मेई-यिनने हट्टाने मागून घेतला होता. वडिलांची तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती. त्याचा भोवरा व्हायचा होता. वेन-बिनने आकडे भरले, बटण दाबलं, आणि मला सांगण्यात आलं तेवढा मी आत सरकलो. भोवऱ्याची मान काडीएवढी झाली आणि तुटून खालच्या कीस झेलणाऱ्या ताटात पडली. मेई-यिनने पदराने पुसावं तसं ते पितळ शर्टाच्या टोकाने पुसलं.

"टूल सरकवणारी स्लाइड झिजलीय याची," वेन-बिन म्हणाला. "म्हातारा झालाय. दुप्पट कापतो. भंगारात काढा, दाजी, मी नवं मशीन सुचवतो." आणि एवढं बोलून त्याने माझ्या डोक्यावरचं हिरवं पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण नंतर एका दुपारी, घरात कोणी नसताना, तो एकटा आला. त्याने एक तुकडा लावला, सगळे आकडे निम्मे करून भरले आणि मला चालवलं. तुकडा अचूक उतरला. मोजमाप बघून त्याचा चेहरा पडला. चूक कोणाची होती हे त्याला कळलं होतं, मित्रांनो! त्याने तुकडा खिशात टाकला, कीस झाडला आणि निघून गेला. बहिणीला काही सांगितलं नाही. माझ्यावर ताडपत्री पडली. भंगारवाल्याला सोमवारचा निरोप गेला. त्या ताडपत्रीखाली मी एकच गोष्ट घोकत होतो, की हा माणूस एकदा तरी माझ्या हाती लागू दे.

जिन-मूंच्या मनात मात्र ते करडं सॉफ्टवेअर खुपत होतं. मी भंगारात जाण्याआधी एकदा बघू तरी, म्हणून त्यांनी ते मला जोडलं. पहिलाच तुकडा अचूक उतरला आणि ते खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी भोवरेवाल्या मित्रांना रविवारी ऊलोंग चहाला बोलावलं, आणि मेहुण्यालाही.

"उद्या जातोच आहे हा लेथ," ते वेन-बिनला म्हणाले. "शेवटचं काहीतरी कातून दाखव, या चित्रातला दांडा, या कडीत बसेल असा. तू यातला वस्ताद."

"करडी स्क्रीन लावलीत होय? लावा, लावा. आकडे तेच. बघा हं मंडळी, झिजलेल्या मशीनकडूनही काम कसं काढतात ते!"

त्याने आपले आकडे भरले. ते निम्मे होते. मी आनंदाने फिरलो. तो सांगेल त्याहून केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. दांडा जाडाच राहिला, कडीत शिरेना.

"बघितलंत? झिजलाय!"

जिन-मूंनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. "तू सांगितलंस तेवढाच उतरलाय. चित्रात चारने उतरवायचं लिहिलंय. तू दोनच का भरलेस?"

"अहो, तो दुप्पट कापतो ना, म्हणून मी..." आणि तो थांबला.

"मशीन नाही, तुझं सॉफ्टवेअर दुप्पट कापत होतं," जिन-मू शांतपणे म्हणाले. "आणि निम्मे भरले की बरोबर येतं, हे तुला कधी कळलं?"

मेई-यिन पुढे आली. "कधी कळलं तुला?"

"ताई, नंतर... लगेच नंतर. पण तोवर पितळ गेलंच होतं ना!"

"पितळ गेलं ते गेलं. खोटं का बोललास?" तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो लागला. "बाबांच्या नावाची पितरांची पाटी तुझ्या घरी आहे. जा, अगरबत्ती लाव, सगळं सांग आणि चंद्रकोरी टाक. बाबा हो म्हणेपर्यंत माझ्याकडे जेवायला यायचं नाही."

तो चपला घालायला वाकला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला दया आली नाही.

भंगारवाला सोमवारी आला आणि रिकाम्या हाताने गेला. वेन-बिन मात्र अजून आलेला नाही. आमच्याकडे लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकून पितरांना कौल लावतात. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या पडल्या तर पितर नुसते हसतात, होकार देत नाहीत. त्याच्या चंद्रकोरी सारख्या उताण्याच पडतात म्हणे. जिन-मूंचे सासरेबुवा कोळी माणूस, त्यांना सगळं समजलं असणार.

मित्रांनो, आम्हाला कामाला लावण्याआधी आमची भाषा समजून घ्या. दिसायला छान ते आणू नका, आम्हाला कळेल ते आणा. आणि चुकलात तर ती चूक आमच्या माथी मारू नका. आम्ही सांगितलं तेवढंच करतो, आणि सगळं लक्षात ठेवतो.

काल मेई-यिन मला तेल घालत होती. घालता घालता हळूच म्हणाली, "फार दिवस झाले रे. बोलावू का त्याला जेवायला?"

मला तोंड असतं तर मी नाही म्हटलं असतं.