जास्त आकड्यांचं कार्ड

मला बघायला आले होते तेव्हा गोरक्षनं माझ्याकडे जेवढं निरखून पाहिलं नव्हतं, तेवढं तो त्या दोन जुन्या ग्राफिक्स कार्डांकडे पाहत होता. दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी मांडलेली आणि हा मोबाईलवर त्यांची कुंडली वाचतोय. आळेफाट्याचा दादाभाऊ जुने कॉम्प्युटर मोडून सुटे भाग विकतो. त्यानं दोन्ही दाखवायला दिली होती, त्यातलं एक ठेवायचं होतं.

एरवी मी त्याची चांगली टर उडवली असती. पण आदल्याच आठवड्यात पलीकडच्या बांधावर शेजारच्या कुशाबाई गवत कापायला वाकल्या आणि मागून बिबट्यानं झडप घातली. जीव वाचला, पण त्या अजून दवाखान्यातच होत्या. आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस आहे. आणि माझ्या सासूबाईंना, भिमाबाईंना, रोज दिवस मावळताना घरामागच्या वाडग्यात मेंढरांकडे जावंच लागतं. मी त्यांना आत्या म्हणते. त्या परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

गोरक्ष कॅमेरे बसवायची कामं करतो. त्यानं ठरवलं, वस्तीभोवती कॅमेरे लावायचे, कॉम्प्युटरनं चित्रातला बिबट्या ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा. ओळखायचं काम कार्डाचं.

"हे बघ," तो म्हणाला, "ह्याला नऊशे साठ कोअर, त्याला सहाशे चाळीस. मेमरी दोघांना दोन-दोन जीबी, पण ह्याची मेमरी सेकंदाला एकशे चव्वेचाळीस जीबी उपसती, त्याची शहाऐंशी. आन् गणितं बघशील तर हे सेकंदाला पावणेदोन लाख कोटींच्या वर करतं."

"आणि ते?"

"सव्वा लाख कोटीच्या आसपास."

"मग त्या दुसऱ्यात चांगलं काय?"

"साठ वॉटमधी चालतं. हे एकशे चाळीस खातं. पण त्याच्यावर दोनच कॅमेरे निघतील, ह्याच्यावर चार."

चार म्हटल्यावर बोलायचं काय राहिलं? दोन कॅमेऱ्यांत विहिरीकडची बाजू उघडी पडत होती. दादाभाऊच्या दुकानात, एसीच्या गारव्यात, मोठं कार्ड चाचणीतही पुढे गेलं होतं. मी म्हटलं, मोठंच ठेवा. दुसरं, बुटकं कार्ड दादाभाऊकडे परत गेलं.

कॉम्प्युटर मोटरच्या पत्र्याच्या खोलीशेजारी, तसल्याच पत्र्याच्या खोलीत बसवला आणि स्क्रीन तेवढा स्वयंपाकघरात आणला. पहिले दोन दिवस भोंगा आमच्याच कुत्र्यांवर वाजत राहिला. बिबट्या समजायचा कॉम्प्युटर त्यांना! शेवटी गोरक्षनं दोन्ही कुत्री दिराच्या वस्तीवर नेऊन बांधली.

"मेंढरापाशी कुत्रं न्हाई," आत्या म्हणाल्या, "आसं आमच्या सात पिढ्यांत झालं न्हाई."

पण त्यांनीही मशीन मानलं. रोज संध्याकाळी मागच्या दाराशी उभ्या राहून त्या हाक मारायच्या, "आशा, बघ गं." मी स्क्रीन बघायची. चारही चौकोन रिकामे असले की म्हणायची, "जा आत्या." भोंगा वाजला तर हातातलं टाकून घराकडे पळत सुटायचं, असं गोरक्षनं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. माझी भीती हळूहळू कमी झाली. खरंच झाली, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये ऊन तापलं. त्या संध्याकाळी गोरक्ष राजुरीला कामावर होता. मी दोरीवरचे कपडे काढून आणले आणि स्वयंपाकघरात घड्या घालत बसले. आत्यांनी हाक मारली. मी पाहिलं, चारही चौकोन रिकामे. "जा आत्या," म्हटलं.

त्या गेल्या. मी आणखी एक-दोन घड्या घातल्या आणि सहज वर पाहिलं.

स्क्रीनवर मी होते. दोरीवरची साडी ओढत होते.

ती साडी माझ्या मांडीवर होती. आधी मला काही कळेचना. वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मग चित्राच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, आणि भिंतीवरचं घड्याळ. स्क्रीन दहा मिनिटं मागे होता. पत्र्याखाली कार्ड तापून सुस्तावलं होतं. चार कॅमेऱ्यांची चित्रं मागे साचत गेली होती आणि कॉम्प्युटर इमानदारीत एकेक करून मला शिळीच दाखवत होता. मी आत्यांना जा म्हटलं ते दहा मिनिटांपूर्वीचं अंगण बघून.

स्क्रीनवरची मी कपडे घेऊन आत गेले. लगेच उसातून तो बाहेर आला. घाई नाही, काही नाही. अंगण ओलांडलं आणि घर आणि वाडगं यांच्या मधल्या कडब्याच्या गंजीआड बसला. त्याच्याभोवती लाल चौकोन उमटला.

आणि भोंगा वाजला.

म्हणजे आता आत्या पळणार. गंजीवरूनच पळणार.

मी दारात धावले. "आत्या, पळू नका! थांबा!" माझं मलाच ऐकू येत नव्हतं, एवढा तो भोंगा कोकलत होता. आत्या वाडग्यातून निघाल्या होत्या, लुगडं सावरत, मान खाली घालून. पत्र्याच्या खोलीकडे मी कशी गेले ते आठवत नाही. हाताला लागली ती वायर ओढली.

भोंगा बंद पडला.

"आत्या, आहे तिथं थांबा! वाकू नका! हात वर करा!"

त्या थांबल्या. गंजी त्यांच्यापासून चार-पाच पावलांवर असेल. त्यांनी दोन्ही हात वर केले. कडब्यामागून पिवळं डोकं वर आलं. मी घशातून कसलातरी आवाज काढत होते, पत्र्यावर हातानं बडवत होते. तो आत्यांकडे बघत होता आणि आत्या त्याच्याकडे. किती वेळ कोण जाणे. मग तो वळला आणि उसात शिरला. पानं हलली, थांबली.

मी आत्यांना धरून आत आणलं, दाराला कडी घातली. त्यांना पाणी दिलं. गोरक्षला फोन केला. तो म्हणाला, पंखा बसवतो, नाहीतर दोन कॅमेरे कमी करतो, नाहीतर उद्याच दादाभाऊकडून ते बुटकं कार्ड आणतो. मी फोन ठेवला.

"मेंढरं पार एका कोपऱ्यात दाटली व्हती," आत्या म्हणाल्या. "दारातूनच दिसलं मला. काळजात चर्र झालं."

"मग गेलात कशाला आत्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तू जा म्हणलीस की गं," त्या म्हणाल्या.